शाळेची वेळ आणि घरची वेळ

शाळेची घंटा किती वाजतां व्हावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं फार किरकोळ वाटतो. अभ्यासक्रम कोणता असावा, शिक्षणाचें माध्यम कोणतें असावें, परीक्षा ठेवाव्या कीं काढून टाकाव्या, या विषयांवर आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षें वाद होत आले. घंटेच्या वेळेचा विचार मात्र बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलींतच आटोपला. परंतु ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र सरकारच्या शिक्षणखात्यानें असें फर्माविलें कीं, बालवर्गापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, आणि या किरकोळ प्रश्नाचें खरें वजन सर्वांच्या ध्यानांत आलें. त्याआधीं दोनच महिन्यांपूर्वीं, डिसेंबर २०२३ मध्यें, त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनीं मुलांची झोंप पुरी होत नाहीं याकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली होती. आज्ञेमागील हेतु निर्मळ होता, यांत आम्हांस शंका नाहीं. तथापि आज्ञा प्रसिद्ध होतांच जी चर्चा सुरू झाली, तींत झोंपेचा भाग थोडा आणि सांभाळाचा भाग मोठा होता. आईबाप आठाच्या गाडीनें कामावर गेल्यावर नऊपर्यंत मूल कोणापाशीं राहणार? मुलांना नेणाऱ्या मोटारींच्या दोन पाळ्यांच्या फेऱ्या ऐन गर्दीच्या वेळीं कशा बसणार? थोरला सातवींत आणि धाकटी दुसरींत असल्यास दोघांना दोन वेळां कोणी पोंचवावयाचें?

आमच्या मतें हे प्रश्न २०२४ सालीं जन्मलेले नाहींत. गेल्या दोनशें वर्षांत आपल्याकडील शाळेची वेळ अनेकदां बदलली. आणि ज्या ज्या वेळीं ती बदलली, त्या त्या वेळीं ती कोणत्या तरी दुसऱ्या घड्याळाशीं जुळवून घेण्यासाठीं बदलली. कधीं तें घड्याळ कचेरीचें होतें, कधीं अपुऱ्या इमारतीचें. मूल मात्र चोवीस तास कोणाच्या तरी नजरेखालीं असावेंच लागतें. शाळेची वेळ आणि घरची वेळ यांत जें अंतर पडे, तें आजी, आई, काकू किंवा थोरली बहीण मुकाट्यानें भरून काढी. आणि तें मुकाट्यानें भरून निघत असल्यामुळेंच त्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं. तो हिशेब येथें थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ जुन्या गांवठी शाळेपासून केला पाहिजे. बल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल यानें १८२३ सालीं मद्रास सरकारास आपल्या जिल्ह्यांतील शाळांचा जो वृत्तांत पाठविला, तो या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. त्याच्या जिल्ह्यांत ५३३ शाळा होत्या, आणि त्यांपैकीं २३ मराठी होत्या. शाळा सकाळीं सहा वाजतां भरे. जो मुलगा सर्वांच्या आधीं येई, त्याच्या तळहातावर सरस्वतीचें नांव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, म्हणजे त्याची स्तुतिहि नाहीं आणि निंदाहि नाहीं. तिसऱ्यास एक हलकी छडी, चौथ्यास दोन, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येकास एकेक वाढती. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेचीहि रीत याच वळणाची होती. उजाडतां मुलें धूळपाटीवर बसत, जेवणाच्या वेळीं घरीं जात, पुन्हां येत, आणि दिवस मावळतां परवचा म्हणून सुटत. जो येत नसे, त्याला आणण्यास चार दांडगे विद्यार्थी पाठविले जात आणि ते त्याची उचलबांगडी करून त्याला पंतोजींपुढें आणून उभा करीत.

या शाळेच्या शिक्षणाविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ वाईट लिहिलें आहे आणि तें बरेंचसें खरेंहि आहे. परंतु वेळेच्या दृष्टीनें तिच्यांत एक गुण होता. ती गांवांतल्याच कोणाच्या ओसरीवर किंवा देवळांत भरे, तिची घटिका सूर्यावरून ठरे, आणि त्याच सूर्यावर शेत आणि चूल हीं दोन्ही चालत. घरचीं माणसें उठत तेव्हां मूल उठे. तीं कामास लागत तेव्हां तें शाळेंत जाई. जेवणास तें घरीं असे. शाळेची वेळ आणि घरची वेळ असे दोन निराळे पदार्थच त्या काळीं नव्हते.

मात्र हा मेळ सर्वांच्या वांट्यास आला नव्हता, हें सांगितल्यावांचून हें चित्र खोटें ठरेल. त्या ओसरीवर मुलींना जागा नव्हती, अस्पृश्यांच्या मुलांना तर नव्हतीच. आणि ज्या कुणब्याच्या मुलाला दिवसभर गुरांमागें जावें लागे, त्याला ती सूर्योदयाची शाळा असून नसून सारखीच. ज्योतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली हें सर्वांस ठाऊक आहे; पण त्यांनीं १८५५ सालीं शेतकऱ्यांसाठीं आणि मजुरांसाठीं रात्रीची शाळा काढली, या गोष्टीकडे तितकें लक्ष जात नाहीं. दिवसा ज्याला हात रिकामे नाहींत, त्याच्यासाठीं शाळेनें आपली वेळ हलविली पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं येथें आचरणांत आणलें. शाळेची वेळ शिकणाऱ्याच्या दिनक्रमावरून ठरविण्याचा आपल्याकडील हा फार जुना आणि फार स्वच्छ दाखला होय.

त्याच सुमारास सरकारी शाळा वाढूं लागल्या. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखातें स्थापन झालें, आणि खात्याबरोबर खात्याचें वेळापत्रकहि आलें. कचेरीप्रमाणें शाळाहि आतां ‘अकरा ते पांच’ झाली. या एका बदलानें मध्यम वर्गाच्या स्वयंपाकघरांत जी क्रांति घडविली, तिची नोंद आमच्या इतिहासग्रंथांत आढळणार नाहीं. पूर्वीं जेवणाची वेळ घराच्या सोयीनें ठरे; आतां सरकारी घड्याळानें ती दहाच्या आंत ओढली. नवऱ्याला कचेरींत आणि मुलाला शाळेंत जावयाचें, म्हणून पहांटे चूल पेटवून दहापर्यंत पुरा स्वयंपाक झालाच पाहिजे, हा नेम घरोघर पडला. उन्हाळ्यांत शाळा सकाळची झाली कीं पुन्हां सर्व क्रम उलटा: मूल उपाशीपोटीं पहांटे बाहेर पडे आणि ऐन दुपारीं, घरांतल्या बायकांचा पाठ टेकण्याचा काय तो एक तास असे त्या वेळीं, परत येई.

तथापि या अकरा-ते-पांचच्या व्यवस्थेंतहि एक प्रकारचा समतोल होता, आणि तो कशावर उभा होता हें नीट पाहिलें पाहिजे. बाप आणि मूल एकाच वेळीं बाहेर जात आणि जवळजवळ एकाच वेळीं परत येत. आणि घरीं कोणी तरी बाई सदैव असे. शाळेचें वेळापत्रक आंखणाराच्या मनांत ती बाई गृहीतच होती. कागदावर तिचें नांव कोठेंहि नव्हतें. पण ती नसती तर तो कागद एक दिवसहि चालला नसता.

या काळांत मुंबईनें घड्याळासाठीं जे वाद घातले, तेहि या संदर्भांत आठवण्यासारखे आहेत. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कारभारांत मद्रासची वेळ सुरू केली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारें अर्ध्या तासानें पुढें होती. लोकांनीं ती मानली नाहीं आणि १८८३ सालीं सरकारला ती मागें घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं एकच वेळ ठरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां ३९ मिनिटांनीं पुढें होती. त्याच जानेवारींत एका गिरणीच्या कामगारांनीं नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलें, आणि नगरपालिकेनें तर जुनी मुंबई-वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सर्व देशाचीं घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. त्यामुळें हिवाळ्यांत मुंबईंत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवे. त्या काळच्या माणसांचा हट्ट आज आपणांस गमतीचा वाटतो. पण एकोणचाळीस मिनिटें म्हणजे काय, हें ज्या बाईला त्या मिनिटांत तान्ह्याला पाजून, थोरल्याला जेवूं घालून घराबाहेर पडावें लागे तिला विचारलें असतें, तर तो हट्ट इतका पोकळ वाटला नसता.

अशी घराबाहेर पडणारी बाई त्या वेळींहि होती. ती गिरणगांवांत होती. पांढरपेशा वस्तींतील वेळापत्रक ज्या बाईवर उभें होतें, ती येथें घरीं नव्हतीच. सकाळच्या भोंग्याला ती साच्यापाशीं उभी राही आणि अंधार पडतांना चाळींत परते. तान्ह्या मुलानें दिवसभर रडूं नये म्हणून त्याला अफूची गोळी, जिला ‘बाळगोळी’ म्हणत, देऊन निजविण्याची चाल मुंबईंत रूढ होती, आणि १९३१ च्या शाही मजूर कमिशनलाहि तिची दखल घ्यावी लागली. पुढें १९३४ च्या कायद्यानें कारखान्यांत मुलांसाठीं खोली ठेवण्याची सक्ति करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला, आणि १९४८ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस पाळणाघर ठेवणें भाग पाडलें. १९७६ सालीं हा आंकडा तीसवर आणला गेला. ही सुधारणा मोठीच होय. परंतु तिच्यांतील एक भगदाड वाचकांनीं पाहावें. पाळणाघर सहा वर्षांखालील मुलासाठीं; त्यापुढचें मूल शाळेचें. कायद्यानें कामाचा दिवस नऊ तासांपर्यंत असूं शके, आणि प्राथमिक शाळा चार-पांच तासांत सुटे. उरलेले चार तास कोणाचे? ते बहुधा थोरल्या मुलीचे झाले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारांत बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी ही आपल्या देशांतील सर्वांत स्वस्त बालसंगोपनसंस्था होती, आणि तिची किंमत तिनें स्वतःच्या अक्षरओळखीनें दिली.

स्वातंत्र्यानंतर मुलांची संख्या वाढली आणि इमारती पुऱ्या पडेनात. तेव्हां एकाच इमारतींत सकाळची एक आणि दुपारची एक अशा दोन शाळा भरूं लागल्या. मुंबईंत सातला भरणारी सकाळची पाळी ही याच टंचाईचें अपत्य होय. मुलांच्या हिताचा विचार करून कोणीं ती निवडलेली नाहीं. याच सुमारास शेजारच्या मद्रास राज्यांत राजगोपालाचारी यांनीं १९५३ सालीं खेड्यांतील प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत, प्रत्येकीं तीन तास भरविण्याची योजना आणली आणि उरलेला वेळ मुलानें घरीं आईबापांचा धंदा शिकावा असें सुचविलें. तिच्यावर ‘कुलविद्येची योजना’ असा जो भडिमार झाला, तो मुख्यतः जातीच्या प्रश्नावरून होता. कुंभाराच्या मुलानें कुंभारच व्हावें काय, असा तो सवाल होता. १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागें घेण्यांत आली. त्या वादांतून आम्हांस येथें इतकेंच घ्यावयाचें आहे कीं, शाळेचे तास कमी-जास्त करणें म्हणजे मुलाचा दिवस शाळा आणि घर यांच्यांत नव्यानें वांटणें होय. आणि ज्याच्या घरीं तो वेळ चांगल्या रीतीनें घालविण्याची सोय नाहीं, त्याला त्या वांटणींत तोटाच येतो.

हें मर्म ज्यांनीं सर्वांत नेमकें ओळखलें, त्या म्हणजे ताराबाई मोडक. दादरच्या शिशुविहारासारख्या शहरी कामानंतर त्या १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं तेथील गरीब वस्तींत बालवाडीचा प्रयोग आरंभिला. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं पालकांस दोष दिला नाहीं. त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीस मिळाला. पुढें १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीं काम सुरू झालें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा नेली, तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. आणि भावंडांमुळें शाळा बुडणाऱ्या मुलींसाठीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणले. थोरली बहीण धाकट्याला घेऊन शाळेंत येई, त्याला शेजारीं सोपवी आणि आपल्या वर्गांत बसे. ज्योतीरावांनीं रात्रीच्या शाळेंत जें केलें, तेंच ताराबाईंनीं शतकानंतर लहान मुलांसाठीं केलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें बालविकासाची जी देशव्यापी योजना सुरू केली, तिनें अंगणवाडी हें नांव उचललें. परंतु ही नवी अंगणवाडी दिवसांतले थोडेच तास भरे, आणि मजुरीवर गेलेल्या आईचा उरलेला दिवस पुन्हां थोरल्या मुलीकडेच राहिला.

आतां २०२४ च्या आज्ञेकडे परत येऊं. तिचा आधार झोंपेच्या शास्त्राचा होता, म्हणून त्या शास्त्राचें म्हणणें पाहणें न्याय्य होईल. वयांत येणाऱ्या मुलांस रात्रीं उशिरां झोंप लागते आणि सकाळीं उशिरां जाग येते; हा आळस नसून देहधर्म आहे, असें संशोधकांस आढळलें. म्हणून अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१४ सालीं शिफारस केली कीं, माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधीं भरवूं नयेत. आणि कॅलिफोर्निया राज्यानें २०१९ सालीं तसा कायदा करून तो २०२२ पासून अमलांत आणला. ही सर्व चर्चा मुख्यतः बारा-तेरा वर्षांपुढील मुलांविषयीं आहे. सहा-सात वर्षांचीं मुलें स्वभावतः लौकर निजतात आणि लौकर उठतात. घरांतील दिवे आणि पडदे रात्रीं उशिरांपर्यंत चालू राहतात म्हणून त्यांची झोंप मोडते. आमच्या आज्ञेनें सवलत मिळाली ती या लहानांस; ज्यांच्यासाठीं शास्त्र बोलतें ती आठवी-नववीचीं मुलें तींतून बाहेर राहिलीं. इतकेंच नव्हे, तर एका इमारतींत दोन पाळ्या चालत असल्यास लहानांना सकाळींतून काढतांच ती सकाळ मोठ्यांच्या गळ्यांत पडण्याचा संभव असतो.

आणि उलट बाजूनें, शास्त्राला अचूक धरून वेळ बदलली तरी घराचा विचार सुटत नाहीं, हें बॉस्टन शहरानें २०१७ सालीं पाहिलें. तेथें संशोधकांनीं गणकयंत्राच्या साहाय्यानें सर्व शाळांच्या व मोटारींच्या वेळा नव्यानें आंखल्या. मोठीं मुलें उशिरां जाणार होतीं, खर्चहि वांचणार होता; गणित बिनचूक होतें. पण त्यासाठीं पुष्कळशा प्राथमिक शाळा फार लौकर भरून दुपारीं लौकरच सुटणार होत्या. त्या दुपारीं मुलाला कोण सांभाळणार, या एका प्रश्नावर पालक असे खवळले कीं, डिसेंबरांत मंजूर झालेली योजना डिसेंबरांतच मागें घ्यावी लागली. यंत्राला मोटारी मोजतां आल्या. घरीं कोण आहे हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

आपल्याकडेहि तें कोणीं सांगितलेलें नाहीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें पहिली ते पांचवीसाठीं वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविलें. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. दुसरीकडे नोकरीचा दिवस आठ-नऊ तासांचा, आणि शहरांत जाण्यायेण्याचे दोन-तीन तास वेगळेच. २०१७ च्या मातृत्वलाभ कायद्यानें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. पण घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या आईला ती कोठें लागूं पडते? अकरा-ते-पांचच्या काळांत जी बाई घरीं गृहीत धरली होती, ती आज पुष्कळ घरांत कामावर आहे. आजी गांवीं आहे. आणि थोरली मुलगी, सुदैवानें, शाळेंत आहे. हें सर्व इष्टच झालें आहे. ज्यांच्या फुकट श्रमावर शाळेचें वेळापत्रक दीडशें वर्षें उभें होतें, त्या आतां तें काम फुकट करण्यास घरीं नाहींत, इतकाच त्याचा अर्थ आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें नाहीं कीं, नऊची वेळ वाईट आणि सातची चांगली. हिंवाळ्याच्या अंधारांत पेंगत्या लेकराला ओढीत नेणें कोणाला आवडतें? परंतु वर्ग नऊला भरावयाचा असल्यास शाळेचें दार आठाला उघडावें. तेथें एक प्रौढ माणूस असावें, मुलांना बसण्यास चटई व वाचण्यास चित्रांचीं पुस्तकें असावीं, आणि सकाळचें कांहीं गरम खाणें मिळालें तर सोन्याहून पिवळें. एका घरचीं भावंडें शक्यतों एकाच पाळींत असावीं. वेळ बदलावयाची ती जूनच्या प्रवेशाआधीं पालकांस सांगून बदलावी, मध्येंच नव्हे. अंगणवाडीचे तास मजुरीच्या तासांशीं जुळावे. यासाठीं खर्च येईल, हें उघड आहे. पण तो खर्च आज होत नाहीं असें नाहीं. तो एखाद्या आईच्या सोडलेल्या नोकरीनें, एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या थकलेल्या पायांनीं, किंवा कुलूप लावलेल्या खोलींत एकट्या बसलेल्या मुलाच्या भीतीनें होतच आहे. सरकारच्या अंदाजपत्रकांत त्याचा रकाना नाहीं, एवढेंच.

कोसबाडच्या टेकडीवर तो रकाना उघडला गेला होता. तेथें आधीं मूल दिवसभर कोठें असतें हें पाहिलें, आणि मग शाळेची जागा व वेळ ठरविली. पुढील वेळीं शिक्षणखातें घंटेची वेळ बदलण्यास बसेल, तेव्हां त्यानें हाच क्रम ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.